नाच शिकवणारी मानववंशशास्त्रज्ञ : कॅथरिन डनहॅम

1935 सालची गोष्ट. शिकागोमध्ये रोझेनवाल्ड फाउंडेशनच्या शिष्यवृत्तीसाठी मुलाखती चालू होत्या. समितीपुढे एक पंचवीस वर्षांची कृष्णवर्णीय तरुणी उभी राहिली. ती शिकागो विद्यापीठात मानववंशशास्त्र शिकत होती. नेमका कशाचा अभ्यास करायचा आहे, असे समितीने विचारले. उत्तर तोंडाने देण्याऐवजी तिने अंगावरचा सूट उतरवला. आत नाचाचे कपडे होते. आधी तिने बॅलेच्या चार हालचाली करून दाखवल्या, कारण शिकागोतल्या नृत्यवर्गांत तेव्हा तेच शिकवले जाई. मग गुडघे वाकवून, पाठ मोकळी सोडून, जमिनीला पाय भिडवून ती आफ्रिकी वळणाचे नाचली. हे दुसरे कुठून आले, ते मला जाऊन पाहायचे आहे, असा त्याचा अर्थ. समितीला तो समजला असावा, शिष्यवृत्ती मिळाली.

ही तरुणी म्हणजे कॅथरिन डनहॅम. अमेरिकेत आणि युरोपात आज जे आधुनिक नृत्य रंगमंचावर दिसते, त्यातला आफ्रिकी वंशाच्या लोकांकडून आलेला मोठा प्रवाह ज्या थोड्या लोकांनी वर्गात शिकवण्याजोगा केला, त्यांत त्यांचे नाव फार वरचे आहे. आपल्या बडोद्यात नृत्य हा विद्यापीठाचा विषय असणे नवे नाही. सयाजीराव विद्यापीठात त्याची पदवी मिळते. परंतु 1930 च्या सुमारास अमेरिकेत, तेही काळ्या लोकांच्या नाचाला विद्येचा दर्जा असू शकतो, ही कल्पनाच पुष्कळांना हास्यास्पद वाटली असती.

कॅथरिनचा जन्म 22 जून 1909 चा. वडील आल्बर्ट डनहॅम कृष्णवर्णीय, व्यवसायाने शिंपी. आई फॅनी फ्रेंच-कॅनेडियन आणि मूळच्या अमेरिकी आदिवासी वंशाची. मुलगी चार-एक वर्षांची होते न होते तोच आई गेली. वडिलांनी दुसरे लग्न केले आणि इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावी कपडे ड्रायक्लीन करण्याचे दुकान टाकले. घरात शिस्त कडक होती आणि वडिलांचा हात सैल होता. त्या दिवसांविषयी त्यांनी पुढे एक पुस्तक लिहिले आहे, ते वाचताना अजूनही गलबलते. आधार होता तो थोरल्या भावाचा. भाऊ तत्त्वज्ञान शिकायला शिकागो विद्यापीठात गेला आणि त्याच्या पाठोपाठ बहीणही गेली. फी भरण्यासाठी ती ग्रंथालयात नोकरी करी आणि संध्याकाळी लहान मुलांना नाच शिकवी. म्हणजे शिकणे आणि शिकवणे हे पहिल्यापासून बरोबरच चालले.

विद्यापीठात रॉबर्ट रेडफिल्ड या प्राध्यापकांच्या व्याख्यानातून तिच्या कानावर एक विचार आला. अमेरिकेतले काळे लोक लग्नकार्यात, नाचघरात, रस्त्यावर जे नाच करतात, त्यांत आफ्रिकेतले पुष्कळ काही शिल्लक आहे, असा तो विचार. आज हे साधे वाटते. तेव्हाची सर्वसाधारण समजूत मात्र अशी, की गुलामीत आफ्रिकेचे सगळे पुसून गेले. अटलांटिकपार नेण्यासाठी सुमारे सव्वा कोटी आफ्रिकी माणसे जहाजांत कोंबली गेली. त्यांच्यापाशी सामान नव्हते, कागद नव्हते, एका गावची माणसे एकत्र राहू दिली जात नव्हती. काही ठिकाणी तर ढोलावरही बंदी आली. 1739 साली साउथ कॅरोलायनात गुलामांनी बंड केले, तेव्हा ढोल वाजवून त्यांनी माणसे गोळा केली; पुढच्याच वर्षी तिथल्या कायद्याने गुलामांना ढोल बाळगायला मनाई केली. ढोल गेला तरी ताल टाळ्यांत आणि पायांत राहिला. कॅरिबियन बेटांवर, विशेषतः हैतीत, ढोलसुद्धा राहिला. म्हणून अभ्यासाला जायचे तर तिकडे, हे कॅथरिनने ठरवले.

(आपल्याकडेही ही गोष्ट अगदीच परकी नाही. जंजिऱ्याचा सिद्दी मराठी माणसाला इतिहासात भेटतो तो लढाईत. पण भरूच जिल्ह्यात रतनपूरला बावा गोर यांच्या दर्ग्यावर सिदी समाजाची धमाल ज्यांनी पाहिली असेल, त्यांना आफ्रिकी ताल समुद्र ओलांडून कसा टिकतो हे वेगळे सांगायला नको.)

नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या मेल्व्हिल हर्स्कोविट्स यांनी तिला क्षेत्रअभ्यासाचे शिक्षण दिले आणि 1935 च्या मध्यावर ती निघाली. पहिला मुक्काम जमैकातल्या अकॉम्पाँग या डोंगरी गावात. इथले मरून लोक म्हणजे मळ्यांवरून पळून गेलेल्या गुलामांचे वंशज. इंग्रजांना त्यांना हरवता आले नाही, म्हणून 1739 साली तह करावा लागला. महिनाभर कॅथरिन तिथे राहिली. तिला हवा होता त्यांचा जुना युद्धनृत्याचा प्रकार. गावचा प्रमुख, ज्याला तिथे कर्नल म्हणतात, तो विषय टाळत राहिला. लोक हसत, दुसरेच काही दाखवत. शेवटी मुक्काम संपता संपता, कर्नल गावात नसताना, लोकांनी तो नाच केला आणि तिलाही त्यात ओढले. वही आणि कॅमेरा घेऊन बाजूला बसणाऱ्याला जे दिसले नसते, ते नाचणाऱ्याला दिसले.

मार्टिनिक बेटावर तिने आगया पाहिला. हा नाच आहे आणि कुस्तीही. दोन गडी ढोलाच्या तालावर एकमेकांभोवती फिरतात, हुलकावण्या देतात, संधी मिळताच लाथ किंवा ठोसा मारतात. ढोलवाला झुंजीकडे बघून ताल बदलतो. ब्राझीलमधल्या कपोएराचा हा जवळचा भाऊ. त्रिनिदाद झाले आणि मग हैती. तिचे मन बसले ते या देशात.

हैती हा गुलामांनी स्वतः बंड करून 1804 साली स्वतंत्र केलेला देश. अमेरिकी लष्कराने तिथे एकोणीस वर्षे तळ ठोकला होता. ते 1934 मध्ये बाहेर पडले आणि दुसऱ्याच वर्षी ही अमेरिकी बाई नाच शिकायला आली. लोकांनी संशयाने पाहिले असते तरी नवल नव्हते. पण तिचा रंग त्यांच्यासारखा, आणि नाचायला बोलावले की ती नाचे. तिथल्या शेतकरी लोकांचा धर्म वोदू. इंग्रजी चित्रपटांनी बाहुल्या आणि सुया दाखवून बदनाम केलेला व्हूडू तो हाच. प्रत्यक्षात ते पूर्वजांचे आणि दैवतांचे पूजन आहे आणि त्या पूजेत नाच हा आपल्या आरतीइतका आवश्यक असतो. प्रत्येक दैवताचा ताल वेगळा, नाच वेगळा. दांबाला हे नागदैवत. त्याच्यासाठी यानवालू नाचतात: गुडघे वाकलेले, शरीर थोडे पुढे झुकलेले, आणि कंबरेपासून मानेपर्यंत पाठीच्या कण्यातून लाट जात राहते. जोर नाही, झटका नाही. तासन् तास नाचता येईल असा शांत, नम्र नाच आहे तो.

कॅथरिनने वोदूची पहिली दीक्षाही घेतली. एका अभ्यासकाने इतके आत जावे का, यावर विद्यापीठांत वाद होऊ शकतो, आणि तो गैर नाही. जे पाहायचे त्यातच मिसळून गेल्यावर तटस्थपणा राहत नाही, हे खरे. पण नाचाच्या बाबतीत बाहेरून पाहणाऱ्याच्या हाती पायांचे आराखडेच लागतात. तो पाय त्या क्षणी तिथे का पडला, हे अंगात आल्याशिवाय कळत नाही. तिने दोन्ही केले: नाचलीही आणि टिपणेही काढली. ती टिपणे पुढे हैतीच्या नृत्यांवरचा ग्रंथ म्हणून छापली गेली आणि अभ्यासक आजही ती उघडतात.

1936 मध्ये परतल्यावर पदवी मिळाली. पुढची पदवी मात्र अर्धीच राहिली. प्रबंध लिहून झाला होता, पण मानववंशशास्त्रज्ञ म्हणून खुर्ची मिळवायची की नाचायचे, असा प्रश्न उभा राहिला आणि त्यांनी रंगमंच निवडला. ज्ञान टाकून कला निवडली, असे त्यांच्याविषयी कधी कधी लिहिले जाते. ते मला पटत नाही. त्यांनी ज्ञानाचे ठिकाण बदलले.

जानेवारी 1938 मध्ये शिकागोत आगया याच नावाचे त्यांचे नृत्यनाट्य झाले. मार्टिनिकमधले कोळ्यांचे गाव, एक मुलगी, दोन तरुण, आणि शेवटी ती झुंज. वेशभूषा जॉन प्रॅट या गोऱ्या कलावंताची. 1941 मध्ये त्यांचे लग्न झाले आणि प्रॅट यांच्या 1986 मधील मृत्यूपर्यंत ही जोडी बरोबर राहिली. पुढची पंचवीस वर्षे त्यांचा नाचसंच जगभर फिरला. पन्नासहून अधिक देश झाले, ब्रॉडवे झाले, हॉलिवूडचे चित्रपट झाले. हे सगळे सविस्तर सांगत बसलो तर जागा पुरणार नाही. शिवाय त्यांचे शिकवणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

त्यांची पद्धत आज डनहॅम तंत्र म्हणून ओळखली जाते. वर्गाची सुरुवात श्वासाने होते. मग बॅलेच्या विद्यार्थ्यांप्रमाणे दांडी धरून व्यायाम. पण बॅलेत पाठ ताठ धरतात, इथे कणा मोकळा करतात. त्यानंतर शरीराचा एकेक भाग सुटा हलवायला शिकायचे. फक्त मान, फक्त खांदे, फक्त बरगड्या, फक्त कंबर. हे जमले की दोन भाग दोन वेगवेगळ्या तालांत. आपल्या मिरवणुकीत ढोल एक जड चाल धरून असतो आणि ताशा त्यावर निराळाच बारीक कडकडाट करतो. ते दोन्ही एकाच माणसाने एकाच वेळी अंगातून काढायचे, असे समजा. नंतर खोलीच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नाचत जायचे, ओळीने, आणि हे सगळे समोर बसलेल्या ढोलवाल्यांच्या प्रत्यक्ष वादनावर. आणि यानवालू शिकताना दांबाला कोण, हैतीचा शेतकरी कसा जगतो, तो त्या नाचाने काय मागतो, हेही शिकायचे.

1945 मध्ये न्यूयॉर्कमध्ये टाइम्स स्क्वेअरजवळ त्यांची शाळा सुरू झाली. नाट्यव्यावसायिक ली शुबर्ट यांनी जागा तीन वर्षे बिनभाड्याने दिली. पहिल्याच खेपेला साडेतीनशे विद्यार्थी आले. अभ्यासक्रमात नाच आणि नाट्य होतेच, शिवाय मानववंशशास्त्र, तत्त्वज्ञान आणि भाषा. नाचायला आलेल्या मुलीने मानववंशशास्त्राच्या तासाला का बसावे, हा प्रश्न पालकांनी विचारला असेलच. कोणत्याही गावचे पालक तो विचारतात. गोरे-काळे एकाच वर्गात शिकत, आणि त्या काळात ही गोष्ट सहज नव्हती. मार्लन ब्रँडो तिथे येई आणि बाँगो वाजवत बसे. जेम्स डीन येऊन गेला. अर्था किट तिथलीच.

खुद्द डनहॅम वर्षातले कितीतरी महिने दौऱ्यावर असत, कारण शाळेचा खर्च फीमधून भागत नसे आणि दौऱ्याच्या पैशातून तो भागवावा लागे. मागे शाळा सांभाळली सिव्हिला फोर्ट यांनी. त्यांचे नाव फारसे कुणी घेत नाही, म्हणून मुद्दाम घेतो. 1940 मध्ये सिएटलला त्यांच्या नाचासाठी संगीत द्यायचे होते, आणि रंगमंचावर तालवाद्यांना जागा नव्हती. तेव्हा जॉन केज या संगीतकाराने पियानोच्या तारांत वस्तू अडकवून त्याचेच तालवाद्य केले. पाश्चात्त्य संगीताच्या इतिहासात तो प्रयोग प्रसिद्ध आहे. ज्या नर्तिकेसाठी झाला ती विसरली गेली. काही वर्षे त्यांनी डनहॅम यांची शाळा चालवली. शेवटी कर्ज वाढत गेले आणि शाळा बंद पडली. फोर्ट यांनी जवळच आपला वर्ग काढला आणि 1975 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या शिकवत राहिल्या.

रंगमंचावरच्या डनहॅम यांच्यावर टीका दोन बाजूंनी झाली. काहींना त्यांचे नाच फार उघडे वाटले. 1944 मध्ये बॉस्टनला एका नृत्यावर बंदीच आली. दुसरा आक्षेप जास्त विचार करायला लावणारा आहे: रात्रभर चालणारा पूजेचा नाच सात मिनिटांत बसवून, झगमगीत कपडे घालून, तिकिटे विकून दाखवला तर तो तोच राहतो का? गोंधळ किंवा जोगवा मंचावर आल्यावर आपणही हेच विचारतो. तो तोच राहत नाही. डनहॅम यांनाही हे माहीत होते. मंचावर त्यांनी विधी दाखवला नाही, विधीवरून नाटक रचले. पण मंचावरच्या दिव्यांत हा फरक प्रेक्षकाला कळतोच असे नाही, आणि त्यांच्या काही नाचांत करमणुकीचे पारडे जड झाले, हेही कबूल करायला हवे. वर्गात मात्र त्यांनी ही तडजोड केली नाही.

वंशभेदाशी त्यांची गाठ रोजची. 1944 मध्ये लुइव्हिल शहरात प्रयोग संपल्यावर त्यांनी प्रेक्षकांना सांगितले, की काळ्यांना आणि गोऱ्यांना एकत्र बसू देत नाहीत तोवर मी इथे परत येणार नाही. 1950 मध्ये ब्राझीलच्या साओ पाउलोतल्या एका बड्या हॉटेलने त्यांना खोली नाकारली. त्यांनी प्रकरण लावून धरले, गाजावाजा झाला आणि पुढच्या वर्षी ब्राझीलमध्ये वंशभेदाविरुद्ध कायदा आला. 1951 मध्ये चिलीची राजधानी सांतियागो इथे त्यांनी साउथलँड हे नृत्यनाट्य केले. अमेरिकेच्या दक्षिणेत जमाव एका निरपराध काळ्या तरुणाला झाडाला लटकवतो, ही त्याची कथा. अमेरिकी राजदूतावासाला ते अजिबात रुचले नाही. पुढे अमेरिकी सरकारने आपल्या कितीतरी नृत्यसंस्था सरकारी खर्चाने परदेशी पाठवल्या. त्यांत डनहॅम यांची संस्था नव्हती. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला संच मोडला.

आणि मग, वयाच्या साठीच्या उंबरठ्यावर, त्यांनी जे काम हाती घेतले ते मला त्यांच्या आयुष्यातले सर्वांत मोठे वाटते.

मिसिसिपी नदीच्या पूर्व काठावर ईस्ट सेंट लुइस हे गाव आहे. 1917 मध्ये तिथे गोऱ्या जमावाने काळ्या वस्त्या जाळल्या होत्या. साठच्या दशकात कारखाने एकेक करून बंद पडत होते; काम नसलेली, टोळ्यांत शिरलेली, हातात शस्त्र आलेली मुले रस्त्यावर होती. सदर्न इलिनॉय विद्यापीठाच्या निमित्ताने डनहॅम त्या भागात आल्या होत्या. पॅरिस आणि टोकियोत नाचलेली ही बाई 1967 मध्ये त्या गावात घर करून राहिली. त्याच वर्षी पोलिसांनी तिथल्या एका तरुणाला पकडले. चौकशीला त्या ठाण्यात गेल्या, आवाज चढला, आणि पोलिसांनी त्यांनाच काही तास कोठडीत घातले. वर्तमानपत्रांत बातमी आली. टोळीतल्या मुलांच्या दृष्टीने मात्र त्या दिवसापासून बाई आपल्या झाल्या.

विद्यापीठाच्या मदतीने त्यांनी तिथे कलाशिक्षण केंद्र काढले. नाच म्हणजे पोरींचे काम, असे मानणारी मुले वर्गात येणार कशी? म्हणून सुरुवात ढोलापासून आणि कराटेपासून. ढोल शिकवायला सेनेगलहून मोर थियाम आले. डनहॅम यांनी 1965-66 मध्ये सेनेगलमध्ये काम केले होते, तिथली ही ओळख. ज्याच्या हाताला ताल बसला त्याच्या पायाला बसवणे अवघड नसते. आणि ज्याला मारामारीची खुमखुमी आहे त्याला आगयासारखा, झुंज आणि नाच यांच्या मधला प्रकार आपोआप कळतो. तीस वर्षांपूर्वी मार्टिनिकमध्ये जे पाहिले होते ते इथे असे उपयोगी पडले. जोडीला लाकूडकाम होते, भाषा होत्या, आफ्रिकेचा इतिहास होता. सगळी मुले सुधारली असे नाही. काही तुरुंगात गेली, काही मारली गेली. काही नर्तक झाली, काही शिक्षक. गावाची गरिबी कलेने हटली नाही, आणि डनहॅम यांनी तसा दावाही केला नाही.

पुढच्या वर्षांत मानसन्मान आले: 1983 मध्ये केनेडी सेंटरचा सन्मान, 1989 मध्ये राष्ट्रीय कलापदक. 1987 मध्ये आल्विन एली यांच्या संस्थेने त्यांची जुनी नृत्ये पुन्हा उभी केली. एली यांनी किशोरवयात लॉस एंजेलिसला डनहॅम यांचा संच पाहिला होता, आणि काळे लोक असेही नाचू शकतात हे तिथे पहिल्यांदा कळले, असे ते सांगत. संधिवाताने डनहॅम यांचे गुडघे गेले होते. त्या खुर्चीत बसून शिकवत. हाताने, नजरेने, ढोलवाल्याकडे खूण करून.

1992 मध्ये हैतीतल्या लष्करी सत्तेला भिऊन होड्यांतून निघालेल्या लोकांना अमेरिका समुद्रातूनच परत पाठवू लागली. डनहॅम तेव्हा ब्याऐंशी वर्षांच्या. त्यांनी ईस्ट सेंट लुइसमधल्या आपल्या घरी उपोषण सुरू केले. सत्तेचाळीस दिवस झाले. हैतीचे पदच्युत राष्ट्राध्यक्ष आरिस्तीद स्वतः भेटायला आले आणि त्यांनी विनवल्यावर उपोषण सुटले. धोरण लगेच बदलले नाही.

21 मे 2006 रोजी न्यूयॉर्कमध्ये वयाच्या शहाण्णव्या वर्षी त्या गेल्या. ईस्ट सेंट लुइसमध्ये त्यांच्या नावाचे संग्रहालय आहे. तिथे हैतीचे ढोल, आफ्रिकी मुखवटे आणि जॉन प्रॅट यांनी काढलेले पोशाख ठेवलेले आहेत. त्यांच्या तंत्राची शिबिरे 1980 च्या दशकात सुरू झाली. त्यांत शिकवण्याची परवानगी हवी असेल तर नाचाबरोबर त्या नाचामागच्या लोकांचा अभ्यासही करावा लागतो.